पुढचा मुक्काम कुठे?

माननीय परराष्ट्रमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली



मी गोव्याच्या पेडणे तालुक्यात, मोरजी गावात राहतो. घरामागच्या माडांच्या भाटात काही खोल्या बांधल्या आहेत, त्या ऑक्टोबर ते मे भाड्याने देतो आणि पावसाळ्यात त्यांची डागडुजी करतो. माझ्यासारख्याने गाऱ्हाणं घालायचं ते पंचायतीपुढे, फार तर पणजीत पर्यटन खात्यापुढे, अशी रीत आहे. पण गेल्या अनेक वर्षांतले माझे बरेवाईट हंगाम आठवून पाहिले, तर त्यातला एकही पंचायतीमुळे चांगला गेलेला नाही आणि पणजीमुळे वाईट गेलेला नाही. ते बुडाले किंवा तरले ते मॉस्को, लंडन, तेहरान, अंकारा अशा ठिकाणी काय झालं त्यावर. ही गावं आपल्या खात्याच्या नकाशावरची, म्हणून पत्र आपल्याला.

मराठीतून लिहितो आहे. पेडणे महाल 1788 साली पोर्तुगिजांकडे जाईपर्यंत सावंतवाडीकरांचा होता. आम्ही घरात कोकणी बोलतो, पण देवळातलं भजन, जत्रेतलं नाटक, सकाळचं वर्तमानपत्र आणि सरकारला लिहायचं पत्र आमच्याकडे मराठीतच होतं. आपल्या कार्यालयात वाचणारं कोणी ना कोणी असेलच.

परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांच्या आत त्याचा 'फॉर्म सी' ऑनलाइन भरून पाठवावा लागतो. नाव, पासपोर्टचा क्रमांक, व्हिसा कुठून मिळाला, भारतात कधी आले, इथे येण्याआधी कुठे होते आणि इथून पुढचा मुक्काम कुठे. आमच्याकडे हे काम सून करते. बरीच वर्षं शेवटचे दोन रकाने न विचारताच भरले जायचे. आले मॉस्कोहून, जाणार मॉस्कोला. मध्ये बारा-चौदा रात्री मोरजी. 2022 च्या मार्चमध्ये एक रशियन कुटुंब शेजारचं महागडं हॉटेल सोडून आमच्या स्वस्त खोलीत आलं. सून पासपोर्ट हातात घेऊन मागच्या पडवीत आली आणि म्हणाली, "बाबा, पुढे कुठे जाणार ते त्यांनाच ठाऊक नाही म्हणतात. काय लिहू?"

त्या दिवसांबद्दल जरा सविस्तर सांगतो. आपल्याला युक्रेनच्या युद्धाच्या फाइली रोज वाचाव्या लागत असतील, पण किनाऱ्यावरच्या शॅकमधून ते कसं दिसलं ते त्या फाइलींत नसेल.

24 फेब्रुवारीला रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये शिरलं. मोरजीत त्या दिवशी काहीच बदललं नाही. लोक उन्हात पडून होते, मुलं वाळूत खेळत होती. फक्त सगळ्यांच्या हातात फोन होते आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. पुढच्या आठवड्यात काही रशियन बँकांना स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय व्यवहारांच्या यंत्रणेतून काढल्याच्या बातम्या आल्या, रुबल कोसळला. डॉलरला पंच्याहत्तर-ऐंशीच्या घरात असलेला रुबल मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एकशेवीसवर गेला. 8 मार्चपासून एरोफ्लोतने जवळजवळ सगळी परदेशी उड्डाणं थांबवली. 10 मार्चपासून रशियन बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड देशाबाहेर चालेनाशी झाली. ज्यांच्याकडे हॉटेलच्या पॅकेजचे चार दिवस उरले होते त्यांचं तेवढं भागलं. पण मोरजीत पॅकेजवाल्यांपेक्षा आपापले येऊन महिनोन् महिने राहणारे अधिक. ते एटीएमसमोर उभे राहून एकामागून एक कार्डं घालून पाहत. मशीन कार्ड परत करी, माणूस तेच कार्ड शर्टाला पुसून पुन्हा घाली.

गावाने त्या वेळी काय केलं? उधारी दिली. स्कूटर भाड्याने देणारे, शॅकवाले, किराणा दुकानदार यांनी वह्या उघडल्या. हे काही थोर मन दाखवायला नव्हे. हंगाम संपायला अडीच महिने होते, ही माणसं गेली असती तर दुसरी कोणी येणार नव्हती. नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानसेवा कोविडपासून बंद होती ती 27 मार्चपर्यंत सुरूच झाली नव्हती. बहुतेकांचे पैसे आले. कोणी कझाकस्तानातल्या मित्राकडून मागवले, कोणी क्रिप्टोच्या वाटेने. ती वाट आमच्या गावातल्या पोरांना त्याच महिन्यात कळली. काहींचे आले नाहीत.

माझ्या खोल्यांत तेव्हा खारकीवची एक बाई आपल्या मुलासह राहत होती आणि शेजारच्या खोलीत रशियातलं एक जोडपं, आपल्या मुलासह. दोन्ही खोल्यांना मिळून स्वयंपाकघर एक. युद्धाआधी दोघी बायका एकत्र पॅनकेक भाजायच्या, मुलं एकाच ताटात खायची. ते सुरू झाल्यावर आठवडाभर दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. मग न बोलता वेळा ठरल्या. सकाळी साडेआठला एकीचा चहा, साडेनऊला दुसरीचा. सिनेमात होते तशी गळाभेट वगैरे काही झाली नाही. गॅस एकच होता म्हणून वेळा ठरल्या, इतकंच. युक्रेनमध्ये हवाई हल्ल्याचा इशारा देणारं एक अ‍ॅप त्या मार्चमध्ये निघालं, ते तिने फोनमध्ये घेतलं होतं. तिकडे तिच्या गावात भोंगा झाला की इकडे भर दुपारी, माडाखाली, तिच्या फोनवर तोच भोंगा वाजायचा. रशियन जोडपं उठून किनाऱ्याकडे निघून जायचं. आपण त्याच दिवसांत ऑपरेशन गंगा चालवून युक्रेनमधल्या आपल्या विद्यार्थ्यांना घरी आणत होता, त्याचं आम्हाला कौतुकच होतं. पण त्याच वेळी युक्रेनची काही माणसं आपल्या किनाऱ्यावर उलट्या बाजूने अडकलेली होती. त्यांचं आकाश बंद होतं. परतलेल्या पुरुषांना पुन्हा देशाबाहेर पडायची मुभा नव्हती.

युद्धाने आमचं वाटोळं केलं असं मात्र मी लिहिणार नाही, कारण ते खोटं ठरेल. त्याच वर्षी 21 सप्टेंबरला रशियाने अंशतः लष्करभरती जाहीर केली आणि पुढच्या हंगामात मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या पट्ट्यात लॅपटॉपवर काम करणारे तरुण रशियन मोठ्या संख्येने दिसू लागले. ते बारा रात्रींसाठी येत नाहीत, वर्षाच्या करारावर घर मागतात. घरमालकांची चांदी झाली. पण आमच्याच गावच्या शाळेत बदलून आलेल्या शिक्षकाला भाड्याची खोली मिळेना. रशियन पाट्यांवरून गावात कुरबुरी आहेत, त्या आपण बातम्यांत वाचल्या असतील. मला स्वतःला पाटी कुठल्या लिपीत आहे याचं फारसं वाटत नाही. आत बसलेल्या मालकाचं नाव परवान्यावर आहे की नाही, हे कोणी तपासलं तर बरं.

हे सगळं नवीन नाही. वडील सांगायचे की त्यांच्या तरुणपणी हणजुणे आणि कळंगुटला येणारे गोरे विमानाने येतच नसत. लंडन-आम्स्टरडॅमहून निघालेल्या जुनाट बसगाड्या इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर करत दिल्लीला यायच्या आणि त्यातले लोक थंडीच्या दिवसांत गोव्यात उतरायचे. 1979 च्या फेब्रुवारीत इराणात क्रांती झाली, त्याच वर्षीच्या डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्या आणि तो रस्ता जो बंद झाला तो कायमचा. मग ऐंशीच्या दशकात जर्मनीहून चार्टर विमानं सुरू झाली. रस्त्याने येणारा माणूस सहा महिने राहायचा आणि मच्छीमाराच्या पडवीत झोपायचा. चार्टरने येणाऱ्याला दोन आठवड्यांची रजा, त्याला हॉटेल हवं, पोहण्याचा तलाव हवा. इराणचे खोमेनी आणि सोव्हिएत संघाचे ब्रेझनेव्ह या दोघांनी गोव्याचं पर्यटन जेवढं बदललं तेवढं आमच्या एकाही पर्यटनमंत्र्याला आजवर जमलेलं नाही. त्या दोघांना कळंगुट कुठे आहे हे ठाऊक असेल असं वाटत नाही. त्या चार्टरना विरोधही झाला. 1987 साली जर्मन पर्यटकांच्या बसगाड्यांवर काही गोंयकारांनी शेण फेकलं होतं. विरोध करणाऱ्यांचे पाणी, जमीन आणि किनारा याविषयीचे प्रश्न खरे होते, ते आजही तसेच आहेत. तो विषय वेगळ्या पत्राचा.

बाहेरचं जग आमच्याकडे फक्त पाहुण्यांच्या रूपाने येतं असंही नाही. इराकच्या सद्दामने 1990 च्या ऑगस्टमध्ये कुवेत घेतलं तेव्हा गोव्यात असंख्य घरांत चूल थंड होती, कारण घरातला कमावता कुवेतला. 25 एप्रिल 2015 ला नेपाळात भूकंप झाला त्या संध्याकाळी आमच्या किनाऱ्यावर कित्येक शॅकमध्ये स्वयंपाक करायला माणूस नव्हता. आमचे आचारी, वेटर, भांडी घासणारी पोरं पुष्कळशी नेपाळची. ती सगळी रस्त्यावर येऊन फोन लावत उभी होती आणि एकाचाही लागत नव्हता.

आणि 2016 चं ब्रिटन. दक्षिणेला बाणावली-कोलव्याला आणि इकडे कांदोळीला ब्रिटिश पेन्शनर मंडळी वर्षानुवर्षं हिवाळा काढायला येतात. त्यांचा हिशेब पेन्शनच्या पौंडात. जूनमध्ये ब्रिटनने युरोपीय संघ सोडायचं मत दिलं त्याआधी पौंडाला शंभराच्या आसपास रुपये मिळायचे. आमचा हंगाम उघडला तेव्हा ऑक्टोबरमध्ये ब्याऐंशीच्या घरात मिळू लागले. त्यात 8 नोव्हेंबरला आपल्याकडे नोटाबंदी झाली. म्हातारी माणसं, अंगावर फुलाफुलांचे शर्ट, बँकेच्या रांगेत पासपोर्टची झेरॉक्स घेऊन उभी असलेली मी पाहिली आहेत. ब्रेक्झिटने पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमधल्या स्विंडनला गेलेल्या गोंयकारांच्या पोटात गोळा आला तो वेगळाच.

आता जरा लाजिरवाणी गोष्ट सांगतो. 2014 साली क्रिमियावरून रशियावर निर्बंध आले, तेलाचे भाव निम्म्यावर आले आणि 16 डिसेंबरला एका दिवसात रुबल डॉलरला ऐंशीला जाऊन टेकला. वर्षाच्या सुरुवातीला तो तेहतीस होता. आमचा तो नाताळ सुना गेला. विमानं रद्द झाली, मांडलेल्या खाटा तशाच राहिल्या. पुढच्या वर्षी 31 ऑक्टोबरला इजिप्तमधून निघालेलं रशियन प्रवाशांचं विमान सिनाईवर बॉम्बने फुटलं, 224 माणसं गेली. रशियाने इजिप्तची उड्डाणं थांबवली. 24 नोव्हेंबरला तुर्कस्तानने रशियाचं लढाऊ विमान पाडलं, तर रशियाने तुर्कस्तानच्या सहली बंद केल्या. रशियन माणसाला उबदार समुद्र हवा असतो आणि त्याचे दोन हक्काचे समुद्र एका महिन्यात बंद झाले. मग त्यातली काही विमानं आमच्याकडे वळली. आमच्या नाक्यावर चहा पिताना लोक खुशीत बोलत होते, "औंदा बरें आसा." त्यात मीही होतो. इजिप्तच्या शर्म अल शेखला खोल्या भाड्याने देणारा माझ्यासारखाच कोणी त्या दिवशी काय करत असेल, हे तेव्हा कोणाच्या डोक्यात आलं नाही. धंदा असाच असतो म्हणून सोडून देता येतं. पण दुसऱ्याचा समुद्र पेटला की आमचा भरतो, ही गोष्ट एकदा नीट कळली की हंगाम चांगला जाण्याचा आनंद पूर्वीसारखा राहत नाही.

आपल्या खात्याचे बडे पाहुणेही आम्ही पाहिले आहेत. 1983 च्या नोव्हेंबरात राष्ट्रकुल प्रमुखांची अनौपचारिक बैठक आग्वादच्या किल्ल्याजवळ झाली. इंदिरा गांधी होत्या, थॅचर होत्या. महिन्याभरापूर्वी अमेरिकेने ग्रेनाडावर केलेल्या स्वारीवरून तिथे खल झाला आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षेवरचा 'गोवा जाहीरनामा' निघाला. 2016 च्या ऑक्टोबरात ब्रिक्सच्या बैठकीला पुतिन आणि शी जिनपिंग बाणावलीत आले. त्यातूनही गोवा जाहीरनामाच निघाला. 2023 च्या मे महिन्यात शांघाय सहकार्य संघटनेच्या परराष्ट्रमंत्र्यांना आपणच तिथे बोलावलं होतं. पाकिस्तानचे बिलावल भुट्टो आले, आपण हात न मिळवता नमस्कार केला, आणि दोन दिवस वाहिन्यांवरची सगळी चर्चा त्या जोडलेल्या हातांवर चालली. पुढच्याच महिन्यात जी-20 च्या पर्यटनमंत्र्यांची बैठक गोव्यात झाली. पर्यटनाचा 'गोवा रोडमॅप' निघाला, पण संयुक्त निवेदन पूर्ण एकमताने काही निघालं नाही, कारण युक्रेनच्या परिच्छेदावर अडलं. इतर सगळ्यांना बाजूला ठेवा. पर्यटनमंत्र्यांनाही गोव्यात बसून त्या युद्धाची वाट टाळता आली नाही, तर मोरजीत खोल्या भाड्याने देणाऱ्याने ती कशी टाळावी?

एवढ्या जाहीरनाम्यांना आमच्या राज्याचं नाव दिलं गेलं, त्याचा अभिमान आहेच. मात्र त्यातल्या एकाचीही प्रत मोरजीच्या पंचायतीत कोणी लावलेली मी पाहिलेली नाही.

आता मुद्द्यावर येतो. युद्ध, भूकंप, चलनं, विमानातले बॉम्ब हे आपल्या हातात नाही, माझ्याही नाही. 2023 च्या जानेवारीत मॉस्कोहून गोव्याला निघालेलं विमान बॉम्बच्या निनावी धमकीमुळे जामनगरला उतरवलं गेलं, रात्रभर तपासलं, काही सापडलं नाही. बाराच दिवसांनी रशियातल्या पेर्महून येणारं दुसरं विमान उझबेकिस्तानात वळवलं. दोन्ही वेळा आम्ही जेवण झाकून ठेवून वाट पाहिली आणि कोणाला दोष दिला नाही. 7 ऑक्टोबर 2023 ला इस्रायलवर हल्ला झाला आणि राखीव सैनिकांना बोलावणं आलं. सैन्यातली सक्तीची सेवा संपवून हिमाचलापासून हरमलपर्यंत भटकणारी इस्रायली पोरं दर वर्षीची. काहींनी पिशव्या उचलल्या आणि मिळेल त्या विमानाने गेली, काही फोन बंद करून राहिली. त्यांच्यावर मी काय मत द्यावं? खोलीचे उरलेले पैसे परत दिले.

पण व्हिसा आपल्या हातात आहे. मला जे म्हणायचं आहे ते एवढंच.

2014 च्या 27 नोव्हेंबरला सरकारने 43 देशांसाठी ऑनलाइन व्हिसा सुरू केला, त्यात रशिया, युक्रेन, इस्रायल, जर्मनी होते आणि तो चालणाऱ्या पहिल्या नऊ विमानतळांत आमचं दाबोळी होतं. आमच्यासाठी एवढा उपयोगाचा निर्णय दिल्लीने क्वचितच घेतला असेल. मग कोविड आला, सगळंच बंद झालं. 2022 च्या मार्चमध्ये ई-व्हिसा पुन्हा सुरू झाला तो ब्रिटन आणि कॅनडासह काही देश वगळून. ब्रिटिश माणसाला कागदी व्हिसा काढावा लागू लागला. तोवर बरेच जण एजंटकडून अर्ज भरून घेत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, म्हणजे आमच्याकडे शॅकचे बांबू उभे राहत होते तेव्हा, लंडनमधल्या आपल्या उच्चायुक्तालयाने ठणकावलं की एजंटमार्फत अर्ज चालणार नाहीत, प्रत्येकाने जातीने केंद्रावर यावं. केंद्रांत वेळ मिळेना. सत्तरीतली जोडपी, एडिनबरो किंवा मँचेस्टरच्या केंद्रात तारीख मिळेल का म्हणून ईमेल पाठवत होती, त्यातले काही ईमेल इथे कांदोळीच्या ओळखीच्या घरमालकाने मला दाखवले आहेत. डिसेंबरात ई-व्हिसा परत मिळाला. तोपर्यंत ज्यांना दुसरीकडे जायचं होतं ते गेले होते. असं का केलं, याची सरळ कारणमीमांसा आम्हाला कोणी सांगितली नाही. वर्तमानपत्रांतून जशास तसे, एवढंच वाचलं.

पुढच्या वर्षी कॅनडा. तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत भारतावर जे आरोप केले ते आपल्याला मान्य नव्हते आणि 21 सप्टेंबरला कॅनडाच्या नागरिकांचे व्हिसा थांबवले गेले. ई-व्हिसा पुन्हा सुरू झाला 22 नोव्हेंबरला. कॅनडाचे पर्यटक मोरजीत थोडे, ते खरं. पण टोरांटो-मिसिसॉगात गोंयकार पुष्कळ आहेत, त्यांच्या हातात कॅनडाचा पासपोर्ट असतो आणि डिसेंबरच्या तीन तारखेला सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला ओल्ड गोव्यात पोचायचं असतं. ज्यांच्याकडे ओसीआय कार्ड नव्हतं त्यांची त्या वर्षी काय धावपळ झाली ते म्हापशाच्या कोणत्याही ट्रॅव्हल एजंटला विचारा.

दुसऱ्या देशाने आपल्याला कमी लेखलं तर आपण दार लावावं की नाही, हा प्रश्न माझ्या आवाक्यातला नाही. कधीकधी लावावंच लागत असेल. राष्ट्राचा मान ही चैनीची वस्तू आहे असं मी मानत नाही. मला फक्त दिसतं ते असं की दार लावल्याचा आवाज ओटावात किंवा लंडनला पोचेपर्यंत मंदावतो आणि बोट मात्र कळंगुटच्या टॅक्सीवाल्याचं सापडतं. ज्या सरकारला धडा शिकवायचा ते पुढच्या खेपेला चहाला भेटतं. ज्या म्हाताऱ्याने वीस वर्षं नेमाने गोव्यात हिवाळा काढला तो एकदा थायलंडला गेला की तिकडचाच होतो. थायलंडने 2024 च्या जुलैत 93 देशांना साठ दिवस व्हिसाशिवाय राहू दिलं. व्हिएतनामने 2023 पासून सगळ्याच देशांसाठी नव्वद दिवसांचा ई-व्हिसा उघडला. श्रीलंका तर आमच्या समोरच बसली आहे. गोव्यात 2019 साली नऊ लाखांवर परदेशी पाहुणे आले होते. 2024 साली पाच लाखही झाले नाहीत. परदेशी पाहुण्यांच्या अशाच आकड्यांवरून 2024 च्या नोव्हेंबरात ट्विटरवर केवढं रण माजलं, प्रकरण पोलिसात तक्रारीपर्यंत गेलं. तक्रार कशाला हवी होती? मोरजीत येऊन संध्याकाळी सात वाजता किती खोल्यांत दिवे आहेत ते मोजलं असतं तरी चाललं असतं.

सगळं खापर व्हिसावर फोडणार नाही. आमच्या टॅक्सीचे दर, किनाऱ्यावरचा कचरा, रात्रभर चालणारे कर्णे, नाताळात दुप्पट-तिप्पट होणारी भाडी, ही आमची करणी आहे. ज्या टेंबवाड्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात त्याच वाळूवर आम्ही खाटा मांडतो आणि वनखात्याने दोरी बांधली की कुरकुरतो. ते आमचं आम्हीच निस्तरलं पाहिजे, आपल्याला त्यासाठी तसदी नको.

माझं मागणं तारखेचं आहे. परदेशातले टूर ऑपरेटर पुढच्या हिवाळ्याची विमानं आणि खोल्या उन्हाळ्यातच ठरवतात. मे-जूनमध्ये ठरलं की जुलै-ऑगस्टला त्यांची जाहिरात निघते, लोक पैसे भरतात. ऑक्टोबरमध्ये पहिलं चार्टर उतरतं. तेव्हा ऑक्टोबर ते मे या हंगामासाठी कोणत्या देशाला ई-व्हिसा आहे, किती दिवसांचा, फी किती, हे 31 मेच्या आत जाहीर व्हावं आणि हंगाम संपेपर्यंत त्यात बदल होऊ नये. सुरक्षेचं कारण असेल तर अर्थातच त्याच दिवशी बंद करा. एखाद्या माणसाला प्रवेश नाकारायचा अधिकार तर कायमच आहे. पण कारण मानापमानाचं असेल, तर दार पुढच्या हंगामापासून लावा आणि ज्याने आधीच तिकीट काढलं आहे त्याला येऊ द्या. समोरच्या सरकारला जो निरोप द्यायचा तो तेवढ्यानेही पोचेल.

यात एक अडचण आहे हे मला ठाऊक आहे. ई-व्हिसा गृहखात्याच्या इमिग्रेशन ब्युरोकडे, चिकटवायचा व्हिसा आपल्या दूतावासांकडे, पर्यटनाची जाहिरात पर्यटन मंत्रालयाकडे आणि विमानांची परवानगी आणखी एका खात्याकडे. तिकडे 'अतुल्य भारत'चे फलक लागलेले असतात त्याच महिन्यात व्हिसा केंद्रावर तारीख नसते. चौघांना वर्षातून एकदा एका टेबलाशी बसवायचं तर ते आपणच बसवू शकाल असं मला वाटतं, कारण कोणत्या देशाशी पुढच्या वर्षी बिनसणार आहे याचा अंदाज चौघांत आपल्यालाच आधी येतो. ती बैठक गोव्यात घेतलीत तर उत्तम, आम्हाला अशा बैठकांची सवय आहे. पण बाणावलीच्या पंचतारांकित हॉटेलात नको. मोप्याचा विमानतळ आमच्याच तालुक्यात आहे, 2023 च्या जानेवारीपासून चालू आहे; तिथून मोरजी तासाभराच्या आत आहे आणि जूनमध्ये आमच्या सगळ्या खोल्या रिकाम्या असतात. भाडं पावसाळ्याचं लावीन.

एक विनंती राहिली. निर्णय झाला की त्याचं पत्रक दिल्लीच्या संकेतस्थळावर इंग्रजीत टाकून थांबू नये. फॉर्म सी भरणाऱ्या प्रत्येक घराचा, हॉटेलाचा ईमेल आणि मोबाईल नंबर सरकारच्या यंत्रणेत नोंदलेला आहे. आम्ही चोवीस तासांत कळवतो, तसं आम्हालाही कोणी कळवावं. व्हिसाची बातमी आम्हाला आजवर प्रत्येक वेळी पाहुण्याकडूनच कळली आहे, आणि तीही तो आगाऊ भरलेले पैसे परत मागतो तेव्हा.

कळावे.

आपला विश्वासू,
खोल्या भाड्याने देणारा एक मोरजीकर
विठ्ठलदासवाडा, मोरजी, पेडणे, गोवा